दादासोंनी ठोकलेला खिळा

नेसरीच्या दादासोंनी घराच्या सोप्यातल्या भिंतीत खिळा ठोकला आणि तिथून हे सगळं सुरू झालं. खिळा चांगला चार इंची, नवा कोरा, आणि त्यावर काहीही टांगलेलं नव्हतं. शेजारच्या खिळ्यावर त्यांचे थोरले भाऊ सयाजीअण्णा होते, म्हणजे त्यांचा फोटो होता. अण्णा गेले तेव्हा घरात त्यांचा एकही धड फोटो सापडला नाही, म्हणून आधार कार्डावरचाच मोठा करून फ्रेममध्ये बसवला होता. आधार कार्डावर कुणीच स्वतःसारखं दिसत नाही. अण्णांनी जन्मात कुणाच्या बांधावरचं गवतसुद्धा उपटलं नव्हतं, पण फोटोत ते असे दिसत होते, की नुकतीच कुणाची तरी म्हैस सोडून आणलीय आणि पोलिसांनी चौकीत बसवून ठेवलंय. कार्याला आलेले पाहुणे हार घालताना नजर चुकवत होते.

"गुरू," पाहुणे पांगल्यावर दादासो भाच्याला म्हणाले, "माझं आसं हुता कामा नये. माझा फोटू मी जित्ता असताना निघाला पायजे. आणि तू काढायचास. बग, खिळा ठोकून ठेवलाय."

हा भाचा म्हणजे गुरुप्रसाद. राहणार कोल्हापूर, शिवाजी पेठ, हुद्दा एका महाविद्यालयात मुख्य लिपिक. त्याची शाळा मामांच्या घरी राहूनच झालेली, त्यामुळे मामांवर त्याचा फार जीव होता. दुसऱ्या कुणी खिशातून मोबाईल काढला असता, मामांना खुर्चीत बसवलं असतं आणि चहा निवायच्या आत काम उरकलं असतं. गुरुप्रसादची बायको कालिंदी तेच म्हणत होती. पण गुरुप्रसादनं एकोणतीस वर्षं कार्यालयात काढली होती. कार्यालयात झाडू जरी घ्यायचा झाला तरी तीन ठिकाणचे दर मागवतात आणि तुलनात्मक तक्ता करतात. मामांचा कायमचा फोटो हे काही झाडूपेक्षा हलकं काम नव्हतं. त्यासाठी चांगला कॅमेरा घ्यायचा, आणि तो नीट तोलून-मापून घ्यायचा, असं त्यानं नेसरीच्या एसटी स्टँडवरच ठरवलं.

कोल्हापूरला आल्यावर त्यानं दोनशे पानी रजिस्टर आणलं, मधोमध पट्टीनं रेघ मारली, डावीकडं 'गुण' आणि उजवीकडं 'दोष' असं लिहिलं. विषय होता लहान कॅमेरा. म्हणजे पंजात मावेल एवढा, पण भिंग काढून दुसरं बसवता येईल असा. राजारामपुरीतल्या एका दुकानदारानं त्याला हा प्रकार दाखवला होता. गुरुप्रसादनं कॅमेरा हातात घेतला, वजन करून बघितलं आणि 'हलका' असं गुणांत लिहिलं. मग वाटलं, हलका आहे म्हणजे हातातून पडायची भीती. म्हणून 'हलका' असं दोषांतही लिहिलं. पहिल्या दिवशी इतकंच काम झालं.

पेठेत कुणी काही घ्यायचं म्हटलं, की ते एकट्यानं घ्यायची सोय नसते. समोरचा अमरसिंह बिद्रीला कारखान्यात नोकरीला होता आणि उरलेला वेळ तालमीच्या मंडळाचा पदाधिकारी होता. तो संध्याकाळी बनियनवरच आला आणि रजिस्टर उलटंसुलटं करून बघितलं.

"ह्यो कसला कॅमेरा?" तो म्हणाला. "कॅमेरा कसा पायजे, गळ्यात घातला की मान वाकली पायजे. लग्नात आमचा फोटूवाला आला की नवरीचा बाप उठून उभा ऱ्हातोय. तुझं हे डबडं बगून तुला कोण पंगतीत तरी बसवंल व्हय? आणि एक सांगतो लिवून घे. बारक्या कॅमेऱ्याचा फोटू मोठा केला की फुटतोय. पोस्टकार्डापातूर बरा. फुडं मोठा केलास की मामा मुरमाड दिसणार."

गुरुप्रसादनं 'मोठा केल्यास फुटतो' असं दोषांत लिहून घेतलं.

हे ऐकून त्याच्याच महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवणारे प्रसेनजीत सर अस्वस्थ झाले. सर मोजून बोलणारे, पण प्रकाशाचा विषय निघाला की थांबत नसत. "कपडे बघून माणूस ओळखायचा का, गुरुप्रसाद?" ते म्हणाले. "खोक्याचा आकार विसरा. आतला प्रकाश टिपणारा संवेदक किती मोठा आहे आणि भिंग कसलं आहे, एवढंच बघा. या कॅमेऱ्यात आरसा नसतो. आरसा नाही म्हणजे खटका नाही. फोटो काढला तरी आवाज होत नाही. माणसाला कळतसुद्धा नाही." मग त्यांनी फळ्यावर आकृती काढली. गुरुप्रसादनं 'आवाज होत नाही' असं गुणांत लिहिलं आणि खाली दोन रेघा ओढल्या. पण मग सरांनीच सांगितलं, की याची बॅटरी लवकर उतरते, भिंग बदलताना आत धूळ जाते, उन्हात मागचा पडदा दिसत नाही, आणि लांबचं मोठं भिंग लावलं की लहान कॅमेरा लहान राहत नाही. दोषांचं पान भरलं. दुसऱ्या दिवशी अमरसिंह आणि सर दोघंही एकदम आले, आणि कालिंदीला चार वेळा चहा टाकावा लागला. कालिंदीचं मत काय, हे रजिस्टरात कुठंच नव्हतं. ती म्हणायची, मोबाईलमध्ये काय वाईट येतो? आणि त्याला रकाना नव्हता.

असे आठ महिने गेले. मधूनमधून नेसरीहून फोन यायचा. "गुरू, मी हाय अजून," दादासो सांगायचे. "पर माझ्यावर लई इस्वास ठिवू नगंस." गुरुप्रसाद म्हणायचा, "मामा, तक्ता शेवटच्या टप्प्यात आहे."

श्रावणात आक्काताई मामींचा फोन आला. दादासो चार दिवस तापानं पडून होते. "खिळ्याकडं बगत झोपल्यात," मामी म्हणाल्या. "गुरूला सांग, म्हंत्यात, आधार कार्ड कपाटात हाय."

आपण रकाने भरत बसलो आणि मामा त्या म्हैसचोराच्या शेजारी म्हैसचोर होऊन बसणार, हे चित्र गुरुप्रसादच्या डोळ्यांपुढं उभं राहिलं. स्वतःची इतकी लाज त्याला कधी वाटली नव्हती. तो तसाच चपला घालून राजारामपुरीत गेला आणि रजिस्टर न उघडता तो लहान कॅमेरा घेऊन आला. आठ महिन्यांचा तक्ता शेवटी कामाला आलाच नाही. दादासोंचा ताप तिसऱ्या दिवशी उतरला, पण दुकानदार विकलेला कॅमेरा परत घेत नाहीत.

आता थेट मामांवर हात साफ करण्यापेक्षा आधी सराव करावा म्हणून गुरुप्रसाद एका बागेत गेला. बागेत शंभरेक माणसं मोबाईलवर फोटो काढत होती. गुरुप्रसादनं कॅमेरा काढला मात्र, पहारेकरी शिट्टी फुंकत आला.

"पावणं, भिंग निगतंय काय ह्याचं?"

"निघतं की," गुरुप्रसाद अभिमानानं म्हणाला आणि काढून दाखवलं.

"मग ह्यो धंद्याचा कॅमेरा. परवानगी लागंल."

"अहो, केवढासा आहे हा! आमच्या पेठेत याला डबडं म्हणतात."

"डबडं आसूं द्या. पाटीवर लिवलंय, भिंग निगत आसंल तर अर्ज. हापिसात जावा."

गुरुप्रसादनं आयुष्यभर दुसऱ्यांचे अर्ज त्रुटी काढून परत पाठवले होते. अर्ज कसा लिहितात हे त्याला कुणी शिकवायची गरज नव्हती. त्यानं दोन प्रतींत, समास सोडून, विषय आणि संदर्भासहित अर्ज लिहिला. खिडकीतल्या बाईंनी तो वरपासून खालपर्यंत वाचला आणि परत सरकवला. "अर्जदाराचा अलीकडचा फोटो नाही," त्या म्हणाल्या. गळ्यात कॅमेरा घालून उभ्या असलेल्या माणसाकडं स्वतःचा फोटो नव्हता. स्वतःचा स्वतः काढायला जावं, तर फोटो काढायला परवानगी नव्हती. शेवटी तो कोपऱ्यावरच्या स्टुडिओत जाऊन पासपोर्ट फोटो काढून आला. स्टुडिओवाल्यानं त्याच्या गळ्याकडं बघितलं आणि "बंद पडलाय काय?" असं आपुलकीनं विचारलं. हा प्रश्न गुरुप्रसादला पुढं बरेच दिवस आठवत राहिला. परवानगी मिळेपर्यंत ऊन उतरलं होतं, तेव्हा सराव म्हणून त्यानं घरी येऊन पडवळाचे सतरा फोटो काढले.

पुढच्या रविवारी तो आणि कालिंदी नेसरीला गेले. दादासो सकाळपासून तयार होते. कोशा फेटा, कोट, कोटाच्या खिशाला पेन. भिंतीपुढं, बरोबर खिळ्याखाली खुर्ची ठेवून ते बसले होते. शेजारची धोंडुबाईही बघायला आली होती.

"मामा, श्वास सोडा, सहज बसा," गुरुप्रसाद म्हणाला.

"तू काढ," दादासो म्हणाले आणि त्यांनी श्वास रोखला. फोटो काढताना श्वास रोखायचा, हे त्यांना त्यांच्या लग्नातल्या फोटोवाल्यानं शिकवलं होतं. गुरुप्रसादनं बटण दाबलं. दादासो हलेनात. त्यानं पुन्हा दाबलं. दादासोंचा चेहरा लाल होऊ लागला, डोळे बाहेर आले, फेट्याचा शेमला थरथरायला लागला. गुरुप्रसाद फोटोंमागून फोटो काढत होता.

"आरं काढ की लवकर!" शेवटी दादासोंचा श्वास सुटला. "मारतोस काय मला? फोटू काढायलाईस का माझा जीव?"

"मामा, एकेचाळीस काढले!"

"आवाज कुटं आला? खटकाच न्हाई तर फोटू निगंल कसा? मला येडा समजतोस व्हय?"

गुणांच्या रकान्यात दोन रेघा ओढलेली गोष्ट अशी अंगाशी आली. आवाज सुरू करायची सोय कॅमेऱ्यात कुठंतरी होती. गुरुप्रसाद ती शोधायला लागला. बटणं तिळाएवढी, बोटं कार्यालयातली. त्यानं काहीतरी दाबलं आणि पडद्यावरची सगळी अक्षरं नाहीशी होऊन तिथं काड्याकाड्यांची कुठली तरी परदेशी लिपी आली. मग त्यानं माहितीपुस्तिका काढली, चष्मा नाकावर घेतला, आणि दारातल्या उजेडात उभा राहून तो कपाळाला आठ्या घालून वाचायला लागला.

"दी हिकडं ते," म्हणून दादासोंनी कॅमेरा ओढून घेतला. "हलका हाय की, रं." त्यांनी तो उलटा धरला, सुलटा केला, भाच्याकडं रोखला आणि अंगठ्यानं होतं ते बटण दाबलं. काहीच आवाज आला नाही. मग बॅटरी उतरली.

परतताना गडहिंग्लजला एसटी बदलायची होती. स्टँडजवळ एक डिजिटल स्टुडिओ दिसला, तेव्हा गुरुप्रसादला वाटलं, आता वेळ काढायला नको. त्यानं कॅमेऱ्यातलं कार्ड तिथं दिलं. "यातला त्यातल्या त्यात चांगला निवडा, मोठा करा, फ्रेम करा आणि नेसरीला दादासोंच्या घरी पोचवा," तो म्हणाला.

"भिंतीवरचा? हार घालायचा?" स्टुडिओवाल्यानं आवाज खाली आणला.

"हो, तसलाच," गुरुप्रसाद म्हणाला. जिवंत माणसाचा हार घालायचा फोटो करतोय हे सांगायची त्याला लाज वाटली. तेवढ्यात कोल्हापूरची गाडी लागली आणि तो पळाला.

स्टुडिओवाला आपल्या कामात पक्का होता. त्यानं कार्ड उघडलं. पडवळाचे सतरा. गुदमरलेल्या म्हाताऱ्याचे एकेचाळीस. आणि शेवटी एक फोटो असा, की त्याचंही मन भरून आलं. दारातला मऊ उजेड, मागचं सगळं छान धूसर, चष्म्याआडून खाली वळलेली नजर, कपाळावर साऱ्या जगाची चिंता. चांगला माणूस अकाली गेला, असं म्हणून त्यानं गुरुप्रसादचा फोटो दोन फुटी केला, कडेला सोनेरी नक्षी घातली आणि नेसरीला पाठवून दिला.

बुधवारी सकाळी कालिंदीचा मोबाईल वाजला. ती आंघोळीला गेली होती, म्हणून गुरुप्रसादनं उचलला. पलीकडून धोंडुबाई हुंदके देत होती. "लई वंगाळ झालं गं बाई! रविवारी तर हिथं उबं हुतं. आता तू धीर सोडू नगंस."

"कोण गेलं?" गुरुप्रसाद घाबरून म्हणाला. त्याला मामाच आठवले.

"कोण बोलतंय?"

"मी गुरुप्रसाद."

पलीकडं भांडं पडल्याचा आवाज आला आणि फोन बंद झाला. गुरुप्रसादनं लगेच मामांना लावला, तो लागेना. त्यानं चपला घातल्या आणि स्टँडकडं जायला निघाला. चौकात पोचला तर तिथं माणसं जमलेली होती. सगळी वर बघत होती. त्यानंही वर बघितलं.

वर तो होता. दहा फूट बाय आठ फूट, रंगीत डिजिटल फलक. 'भावपूर्ण श्रद्धांजली. शांत, संयमी, अभ्यासू व्यक्तिमत्त्व.' खाली शोकाकुल म्हणून मंडळाच्या चौदा जणांचे गोल फोटो, त्यातले निम्मे काळा चष्मा लावलेले, आणि मधोमध अमरसिंह.

झालं होतं ते असं. अमरसिंहाच्या कारखान्यातला ज्ञानू नेसरीचा. तो सोमवारी सुट्टीला गावी गेला होता. दादासोंच्या भिंतीवर त्यानं दारातूनच फ्रेम बघितली, कोपऱ्यातलं स्टुडिओचं नाव वाचलं आणि कुणाला काही न विचारता बिद्रीला फोन केला. अमरसिंह दोन दिवस कारखान्यातच होता. एरवी मंडळाला एक साधा ठराव करायला महिना लागतो, पण डिजिटल लावायला अर्धा दिवसही लागत नाही. त्यानं स्टुडिओकडून मूळ फोटो मागवला, छापायला टाकला आणि रात्रपाळीहून थेट चौकात येऊन स्वतः दोऱ्या बांधल्या. दोरीचं शेवटचं टोक हातात धरून तो शिडीवर उभा होता, तेव्हा खाली त्याला गुरुप्रसाद दिसला. शिडी हलली, पण अमरसिंह धीराचा माणूस होता.

"तू हाईस व्हय?" तो म्हणाला.

"आहे," गुरुप्रसाद म्हणाला.

अमरसिंह खाली उतरला. त्यानं गुरुप्रसादचा दंड दाबून खात्री केली. मग दोघंही वर बघत उभे राहिले.

"फोटू मात्र एक नंबर आलाय," अमरसिंह म्हणाला. "दहा फुटाला फुटला न्हाई. कुटल्या कॅमेऱ्याचा?"

खरं तर गुरुप्रसादनं चिडायला हवं होतं. जिवंतपणी चौकात आपली श्रद्धांजली लागली होती, आणि अमरसिंहाच्या निरोपावरून महाविद्यालयात सकाळचा पहिला तास सोडून दोन मिनिटं शांतता पाळली गेली होती, असं नंतर प्रसेनजीत सरांनी सांगितलं. पण त्या क्षणी त्याला आतून बरं वाटलं. "त्याच डबड्याचा," तो म्हणाला.

मग तो आणि कालिंदी नेसरीला गेले. या वेळी कॅमेरा तिच्या पिशवीत होता, आणि वाटेत गडहिंग्लजला स्टुडिओतून कार्ड परत आणून तिनं तो भरूनही ठेवला होता. एसटीत शेजारी बसलेली बाई त्याच्याकडं टक लावून बघत होती. दादासो सोप्यात ताक पीत ठणठणीत बसले होते. फोन चार्जिंगला लावायचा राहिला होता, इतकंच. भिंतीवर सयाजीअण्णांच्या शेजारी, त्या चार इंची खिळ्यावर गुरुप्रसाद होता. हार नव्हता, पण मामींनी सवयीनं कुंकवाचं बोट लावलेलं दिसत होतं.

"मामा, हे काय? उतरवा तो!" गुरुप्रसाद ओरडला. "सगळा गाव मला गेलेला समजतोय! तुमचा लावायचा होता ना तिथं?"

"आरं, मी काय मुद्दाम केलंय?" दादासो म्हणाले. "फोटू आला. फ्रेम झ्याक. खिळा रिकामा. ठेवून काय करू, तांदळाच्या डब्यावर?" मग त्यांनी ताकाचा पेला खाली ठेवला. "आणि एक सांगतो गुरू. तापात पडलोतो तवा रोज त्यो खिळा बगायचो. खिळा सारखा बोलवायचा. आता तितं तू हाईस. जागाच न्हाई. जवर तुजा फोटू तितं हाय तवर मला जायाला येत न्हाई बग. ऱ्हाऊ दे की बाबा."

गुरुप्रसाद स्टुलावर चढला. मामींना वाटलं, आता काढतोय. पण त्यानं फ्रेम दोन्ही हातांनी धरली आणि जरा वाकडी झाली होती ती सरळ केली.

"डावीकडं थोडी," खालून दादासो म्हणाले. "आजून. हां. आणि तोंड आसं का केलंयस? वर बग, किती शाना दिसतोयस!" आणि ते स्वतःच्याच बोलण्यावर हसत सुटले. फेटा नाही, कोट नाही, दातांची कवळी ताटलीत, मान मागं टाकून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत, स्टुलावरच्या भाच्याकडं बघत ते हसत राहिले.

कालिंदी दारात उभी होती. तिनं पिशवीतून कॅमेरा काढला आणि एकदाच बटण दाबलं. आवाज काही झाला नाही, त्यामुळं दादासोंना कळलंच नाही.

परतीच्या गाडीत तिनं तो फोटो गुरुप्रसादला दाखवला. तो गडहिंग्लज येईपर्यंत बघत राहिला. चष्मा पुसून पुन्हा बघितला. मामा अगदी मामांसारखे आले होते.

"त्यांना इतक्यात दाखवायचा नाही," कालिंदी म्हणाली.

"मग मोठा करून फ्रेम कधी करायची?"

"आठ महिने तक्ता करत बसला होतात ना?" तिनं कॅमेरा त्याच्या हातातून घेतला आणि पिशवीत खाली, चटणीच्या डब्याखाली ठेवून दिला. "आता करा की निवांत. घाई कुणाला आहे?"